मदत हवी आहे: लॉग विरुद्ध घात, एप्सिलॉनने सिद्धता

नमस्कार मंडळी, क्ष अनंताकडे जाताना (लॉग क्ष)/√क्ष ची सीमा शून्य होते, हे लोपितालचा नियम न वापरता थेट एप्सिलॉनच्या व्याख्येवरून दाखवायचं आहे. लॉग नैसर्गिक.

१/स चं १ ते ट इंटिग्रेशन केलं की ट ≥ १ साठी लॉग ट < ट मिळतं. त्यात ट = क्ष^(१/४) ठेवलं, तर गुणोत्तर ४/क्ष^(१/४) पेक्षा लहान. एप्सिलॉन १/१० घेतला तर क्ष > २५,६०,००० पुरतं. पण प्रत्यक्षात ८१०० च्या आसपासच गुणोत्तर १/१० च्या खाली जातं! लॉग ट ≤ ट/ई वापरून मी सुमारे ४७,००० पर्यंत आले. १/४ ऐवजी दुसरा घात घेतला तर आणखी जवळ जाता येईल का? कोणता घ्यायचा, हे कसं ठरवतात?

दुसरं, आणि हे जास्त छळतंय: (लॉग क्ष)^१००/क्ष^(१/१००). हे गुणोत्तर क्ष = ई^१०००० पर्यंत वाढतच जातं, त्यामुळे आकडे घालून बघण्यात अर्थच नाही. इथे ट = क्ष^(१/२००००) घेऊन तीच युक्ती चालावी असं वाटतं. यात कुठे पायरी सुटतेय का, कृपया कुणीतरी तपासून सांगा.