प्रतिसाद: २०२१च्या फॉर्म्युला वन मोसमाचा शेवट

दादा, ‘हॅमिल्टनचं जेतेपद हिसकावलं’ हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला हॅमिल्टन आणि मॅक्स वेरस्टॅपेन दोघंही ३६९.५ गुणांवर आले होते. परभणीत संध्याकाळी साडेसहापासून आम्ही चौघं टीव्हीसमोर, ताटातला हुरडा तसाच पडलेला. सेफ्टी कारमागं (अपघातानंतर सगळ्यांचा वेग आवरायला पुढं धावणारी गाडी) एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त त्या दोघांमधल्या पाचच पुढं सोडल्या, हा निर्णय चूकच. हॅमिल्टन चाळीसपेक्षा जास्त फेऱ्या झालेल्या हार्ड (टिकाऊ पण कमी पकडीच्या) टायरवर, वेरस्टॅपेन नुकत्याच बदललेल्या, जास्त पकडीच्या सॉफ्टवर. शेवटच्या फेरीत हॅमिल्टन काय टिकणार! पण दोष अधिकाऱ्यांचा, मॅक्सचा नव्हे. त्याच वर्षी बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीला पावसात सेफ्टी कारमागंच गाड्या फिरवून अर्धे गुण वाटले, त्यावर मात्र इथं कुणीच बोलेना. मला तर तेच जास्त खटकतं.