जुन्या सुती साड्यांवर डिजिटल छपाई: ठाणे-नवी मुंबईत कोणत्या शाईने करावी?

खाडीकाठ, ठाणे
नमस्कार मंडळी. ऐरोली पुलाजवळ खाडीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोंची मी गेली तीन वर्षे जलरंगात चित्रे काढते आहे. त्यांतली सहा चित्रे कापडावर छापून जानेवारीतल्या आमच्या पदवी प्रदर्शनात सहा पोशाख मांडायचे आहेत. नवे कापड विकत घ्यायचे नाही, असे मी ठरवले आहे. आईच्या सहा सुती साड्या धुऊन धुऊन जवळजवळ पांढऱ्या झाल्या आहेत, त्यांवरच छापायचे मनात आहे. ते शक्य आहे का, शाई कोणती असावी आणि इतके छोटे काम वागळे इस्टेट किंवा रबाळे भागात कोणी घेते का? छपाईसाठी एकूण १५,००० रुपये आहेत, त्याहून एक रुपयाही जास्त नाही.

रेशीमगाठ, नौपाडा
माझे बुटीक १४ वर्षे चालू आहे, त्या अनुभवावरून सांगते. उंची पोशाखात जुनी सुती साडी शोभत नाही. मलबेरी रेशमावर ॲसिड शाईने, म्हणजे रेशमाला धरणाऱ्या शाईने, छापून घे. रंगाला जी खोली येते, ती सुतावर कधीच येत नाही. खर्च ४०,००० च्या पुढे जाईल, पण परीक्षक कापडाला हात लावून पाहतात हे विसरू नकोस.

सुरतवारी, कोपरखैरणे
रेशीम कशाला? पॉलिएस्टर घ्या आणि सुरतेला पाठवा. चित्र आधी कागदावर छापतात आणि मग सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या दाबाने कापडावर उतरवतात, त्यामुळे धुलाईचे पाणी जवळजवळ लागत नाही. मी एकदा हट्टाने याच पद्धतीने सुती कापड छापून घेतले होते आणि पहिल्याच धुण्यात मोराचा नुसता सांगाडा उरला. तेव्हापासून मी सुताच्या वाटेला जात नाही.

रंगखाना, डोंबिवली
कापड रंगवण्याच्या कामात माझी ३१ वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सुरतवारी यांच्या मोराचे जे झाले त्यात सुताचा दोष नव्हता. उष्णतेने उतरवायची शाई पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते, सुताला ती धरतच नाही. सुतासाठी दोन मार्ग आहेत. रिॲक्टिव्ह शाई धाग्याशी रासायनिक बंध जोडते, म्हणून रंग तेजस्वी येतो आणि कापड मऊ राहते. पण त्यासाठी छपाईआधी कापडावर सोडा, युरिया आणि घट्टपणा आणणारे द्रव्य चढवावे लागते, छापल्यावर साधारण १०२ अंशांच्या वाफेत आठ-दहा मिनिटे ठेवावे लागते आणि मग न धरलेला रंग निघून जाईपर्यंत अनेक पाण्यांतून धुवावे लागते. ते रंगीत पाणी कुठे जाते, हे छापखान्याला अवश्य विचारा. २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे पडलेले कुत्रे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिले आहेत. दुसरा मार्ग पिगमेंट शाईचा. ती बाइंडरच्या, म्हणजे रंग चिकटवून धरणाऱ्या द्रव्याच्या, मदतीने धाग्याच्या पृष्ठभागावर बसते आणि १५०-१६० अंशांच्या कोरड्या उष्णतेत पक्की होते, वाफ आणि धुलाई दोन्ही लागत नाहीत. मात्र कापड किंचित ताठर होते आणि घासल्यावर रंग रिॲक्टिव्हपेक्षा लवकर उतरतो. प्रदर्शनासाठी पिगमेंट पुरेल, परंतु ते नव्या, खळ काढलेल्या कापडावर करावे. जुन्या साडीत वर्षानुवर्षांची खळ आणि साबण राहिलेला असतो, त्यामुळे शाई एकसारखी शोषली जात नाही.

ठसा, कळवा
पर्यावरणाचा विचार असेल तर यंत्राचा मोह सोडून राजस्थानातल्या सांगानेरच्या कारागिरांकडून लाकडी ठशांनी छापून घ्यावे. त्यात वीज लागत नाही आणि कारागिराला काम मिळते.

रंगखाना, डोंबिवली
कारागिराला काम मिळावे, हे मला मनापासून मान्य आहे. पण ठशाच्या छपाईतही कापड आधी आणि नंतर धुवावेच लागते, आणि जलरंगातल्या विरघळत जाणाऱ्या छटा ठशात उतरत नाहीत. या ताईंचा प्रश्न त्याच छटांचा आहे.

रेशीमगाठ, नौपाडा
वर सांगितलेच आहे, रेशीम घे. जुन्या साडीला कात्री लावताना ती जागोजागी उसवेल.

यंत्रधारी, महापे
मी स्वतःचे यंत्र घेतले तेव्हापासून कोणाच्या दारात उभा राहत नाही. तुम्हीही कर्ज काढून घ्या.

मापटेप, वाशी
छपाई कुठेही करा, पण कापड आधी धुऊन आटवा. मी ४० इंचांचे तुकडे छापून घेतले, ते धुतल्यावर ३८ इंच भरले आणि बाजूच्या शिवणीवर अर्धे फूल एकीकडे, अर्धे दुसरीकडे गेले. दुसरे म्हणजे सलग थान न छापता पोशाखाचे कापायचे भाग संगणकावर मांडून तेवढ्याच आकारात छापा. ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये पॅरिसमध्ये 'प्लेटोज अटलांटिस' हा संग्रह मांडला, त्यात सापाच्या कातडीसारखी डिजिटल नक्षी प्रत्येक पोशाखाच्या घडणीनुसार बसवली होती. या पद्धतीत कापायच्या तुकड्यांबाहेर शाई जात नाही, म्हणून तुमचे पैसेही वाचतील. आणि 'ओईको-टेक्स स्टँडर्ड १००' एवढेच प्रमाणपत्र दाखवून कोणी पर्यावरणपूरक म्हणत असेल तर भुलू नका. त्यात कापडातली अपायकारक रसायने तपासतात, पाणी किती वापरले हे नाही. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकात किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो आणि सांडपाण्यावरही अटी असतात.

खाडीकाठ, ठाणे
सर्वांचे मनापासून आभार. रंगखाना काका आणि मापटेप ताई, तुमचे शब्द मी वहीत उतरवून घेतले. तरीही छपाई साड्यांवरच करणार आहे. पहिल्या छापखान्याने काम नाकारले, कारण सहा साड्या टोकाला टोक जोडल्या तर शिवणीची जाडी यंत्राच्या शाई फवारणाऱ्या हेडला घासेल अशी भीती होती. रबाळ्याच्या दुसऱ्या छापखान्यात कापड चिकटवून धरणाऱ्या पट्ट्याचे यंत्र आहे, तिथे एकेक साडी वेगळी अंथरून पिगमेंटने छापायला ते तयार झाले. आधी साड्या दोनदा गरम पाण्यात उकळून खळ काढली. काल एका साडीच्या पदराचा मीटरभर तुकडा नमुन्यासाठी छापला. शाईत पांढरा रंग नसल्यामुळे सुताची जुनी पिवळसर झाक खालून दिसते आणि माझा गुलाबी रंग पडद्यावर होता त्याहून मातकट, सूर्यास्ताच्या चिखलासारखा आला आहे. कपाटातल्या घडीवर जिथे सुरकुती होती, तिथे शाई बसलेली नाही आणि पक्ष्याच्या पायांतून एक बारीक पांढरी रेघ गेली आहे. छापखान्यातले दादा म्हणाले की पुन्हा इस्त्री करून छापून देतो. मी त्यांना ती रेघ तशीच ठेवायला सांगितले, कारण ती आईने घातलेली घडी आहे. उरलेल्या साड्या सोमवारी देते, सहा साड्यांचे मिळून १३,२०० रुपये ठरले आहेत.