शनिवारचं धुणं, कुबट टॉवेल आणि न शिजणारा राजमा: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे आठवडाभर तुंबलेली कामं शनिवारी निघतात. बायकोला शनिवारी कामावर जावं लागतं, मला सुट्टी असते. त्यामुळे धुणं, फ्रीज आवरणं आणि रविवारसाठी काहीतरी निवांत शिजवणं हे गेल्या वर्षभरापासून माझ्याकडे आहे. मला ही कामं आवडतात. पण दिवसभर राबूनही संध्याकाळी काम नीट झाल्यासारखं वाटत नाही, आणि आता फार चिडचिड व्हायला लागली आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत, त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची.

टॉवेल. मशीनमधून काढताना चांगले असतात, वाळल्यावर घडी घालतानाही नुसता साबणाचा वास येतो. पण अंग पुसायला घेतला आणि ओला झाला, की दोन मिनिटांत ओल्या पोत्यासारखा कुबट वास सुटतो. माझ्या आईची बोटं संधिवाताने आखडली आहेत, तिला टॉवेल धुणं-पिळणं जमत नाही, म्हणून हे काम मी मनापासून करतो. ती आंघोळ करून येते, टॉवेल तोंडाजवळ नेते, क्षणभर थांबते, मान जराशी वळवते आणि मग गाऊनच्या बाहीने तोंड पुसते. बोलत काहीच नाही. ते बघितलं की मला गलबलून येतं.

मशीन पुढून दार असलेलं आहे. थंड पाणी, अर्ध्या तासाचा झटपट कार्यक्रम, दोन झाकणं लिक्विड आणि शेवटी सॉफ्टनर. हवा दमट असल्यामुळे कपडे घरातच स्टँडवर वाळतात, टॉवेलला दीड दिवस लागतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकून एकदा चालवून पाहिलं. फेस भरपूर आला, वास होता तसाच राहिला.

दुसरं, राजमा. रात्रभर भिजवतो, सकाळी टोमॅटो-मीठ घालून कुकरला लावतो, दहा-बारा शिट्ट्या करतो. सालं सुटून पाण्यात तरंगतात आणि दाणा मात्र दाताखाली कचकचतो. पिशवी मोठी घेतली होती, बरेच महिने डब्यात पडून आहे.

तिसरं, फ्रीज. दर शनिवारी काहीतरी टाकून द्यावंच लागतं. पालेभाजी खालून चिकट झालेली असते, मागच्या कोपऱ्यात भाताचा डबा सापडतो आणि तो कधीचा हे कुणालाच आठवत नाही. शिजवलेलं अन्न केराच्या डब्यात ओतताना जिवावर येतं.

मशीन बदला असं कृपया सुचवू नका, आत्ता ते शक्य नाही.

प्रतिसाद

आधी दोन गोष्टी तपासून सांगा. दाराला राखाडी रबराची जाड कड असते, तिची घडी बोटाने उलटून आत काय आहे ते बघा. आणि मशीनच्या खाली, पुढच्या बाजूला, एक छोटं झाकण असतं, त्यामागे गाळणी असते. ती शेवटची कधी उघडली होती? उघडण्याआधी मशीन बंद करून प्लग काढा, आतलं पाणी गार असल्याची खात्री करा आणि खाली पसरट ताट व जुनं फडकं ठेवा. पाणी येणारच.

धागाकर्ता

आत्ताच बघून आलो. वर्षभरात एकदाही उघडली नव्हती, मला ती आहे हेच माहीत नव्हतं.

रबराच्या घडीत खालच्या बाजूला काळपट, बुळबुळीत थर होता. त्यात केस, धाग्यांचे गोळे, एक नाणं आणि आईची केसांची पिन. फडक्याने पुसलं तर फडकं काळं झालं. गाळणीचं झाकण फिरवल्यावर दोन ताटं भरून करडं पाणी आलं आणि त्याला अगदी तोच वास होता, टॉवेलचा. गाळणीवर धाग्यांचा ओला बोळा बसला होता आणि त्यात अर्धा कुजलेला लहान मोजा. म्हणजे इतके महिने मी स्वच्छ कपडे या पाण्याच्या शेजारी धूत होतो. फार वाईट वाटलं.

प्रतिसाद

वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांना ती गाळणी कुणी दाखवलेलीच नसते. माझं काम कपड्यांच्या धुलाईचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा वास सूक्ष्मजीवांचा असतो. घरात वाळवलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासावर जपानी संशोधकांनी २०१२ साली काम प्रसिद्ध केलं. त्यात मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूचा मोठा वाटा दिसला. अंगाचा घाम आणि तेलकटपणा धाग्यात राहिला की हे जिवाणू त्यावर जगतात. वाळल्यावरही ते तग धरतात आणि कापड ओलं झालं की पुन्हा कामाला लागतात. तुमचा टॉवेल कोरडा असताना चांगला आणि ओला झाल्यावर घाण का वाटतो, त्याचं उत्तर हेच.

आता तुमच्या पद्धतीत त्यांना काय काय मिळतंय बघा. थंड पाण्यात अर्ध्या तासात टॉवेलमधला तेलकटपणा निघत नाही. दोन झाकणं लिक्विड खूप झालं. झटपट कार्यक्रमात पाणी कमी असतं, जास्तीचा साबण नीट खळबळून निघत नाही आणि धाग्यात साचतो. सॉफ्टनरचा तर धाग्यावर पातळ थर बसतो, त्याने टॉवेल हाताला मऊ लागतो पण पाणी कमी शोषतो. टॉवेलसाठी सॉफ्टनर पूर्ण बंद करा. माझं यावर ठाम मत आहे.

व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. एकत्र टाकले की फेस येतो आणि दोघं एकमेकांना मारतात, मागे उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगते: क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचजवळ नको. चांगल्या हेतूने दोन बाटल्या एकत्र ओतून लोक रुग्णालयात जातात.

करायचं असं. आधी रिकामं मशीन सगळ्यात गरम कार्यक्रमावर चालवा. मग टॉवेलवर काळजीसूचना बघून सुती टॉवेल ६० अंशांवर, लांब कार्यक्रमात, नेहमीच्या निम्म्या साबणात धुवा. ड्रम गच्च भरू नका, वर हात आडवा घालता येईल एवढी जागा राहू दे. सोबत ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, डब्यावर दिलेल्या मापाने घाला. ते गरम पाण्यातच नीट काम करतं. लोकर आणि रेशमाला ते चालत नाही. शेवटी एक जादा पिळणी द्या. वाळवण्याचा वेळ कमी करणं यात फार महत्त्वाचं आहे, दीड दिवस म्हणजे जिवाणूंना मेजवानी. स्टँडवर टॉवेल दुमडून न टाकता एका पट्टीवर पूर्ण पसरा, मध्ये हातभर अंतर ठेवा, समोर पंखा लावा. धुणं झालं की मशीनचं दार आणि साबणाचा कप्पा उघडे ठेवा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दाराकडे लक्ष असू द्या.

प्रतिसाद

राजम्याबद्दल मी सांगते, माझं वय सत्तरच्या पुढे आहे आणि कडधान्यांशी बरीच झटापट झालेली आहे. बाळा, टोमॅटो आधी घालू नकोस. आंबटाने दाण्याचं साल आणि गर लवकर मऊ होत नाही. दाणा पूर्ण शिजून बोटांत चिरडला की मगच आंबट घाल. आणि जुना राजमा कितीही शिट्ट्या केल्यास तरी हट्ट सोडत नाही. उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने राहिला की तो कायमचा कडक होतो. ती पिशवी जुनी असेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाल. जास्त नको, साबणासारखी चव येते.

प्रतिसाद

आजींशी सहमत. भर एवढीच की जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या घटकाला, घट्ट करतं. किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर गाळलेलं पाणी वापरून बघा. आणि मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही, असं आपण सगळेच म्हणतो, पण भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तर साल उलट मऊ होतं, कारण सालातल्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतं. मी लिटरभर पाण्याला चमचाभर घालतो, मग ते पाणी फेकून देतो.

कच्चट राजमा मात्र खाऊ नका, हे गांभीर्याने घ्या. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं, थोडे कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात. निदान पाच तास भिजवून, पाणी बदलून, कमीत कमी दहा मिनिटं खळखळ उकळावा लागतो. कुकरमध्ये ते सहज साधतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकू नका, तिथे तापमान पुरेसं वर गेलं नाही तर विषारीपणा कमी न होता वाढतो.

धागाकर्ता

आजी, मनापासून आभार. दाणे कचकचत असूनही मागच्या रविवारी आम्ही ते खाल्ले होते, आणि रात्री बायकोचं पोट बिघडलं होतं. मी बाहेरच्या खाण्याला दोष दिला होता. आज तिला सांगितलं.

प्रतिसाद

फ्रीजचं थोडक्यात. भात शिजल्यावर तास-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. बॅसिलस सेरियस या जिवाणूची बीजं उकळत्या पाण्यातही टिकतात, भात बाहेर कोमट राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. खोल पातेल्यात ठेवू नका, पसरट डब्यात पातळ थर करा म्हणजे लवकर निवतो. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांच्या आत संपवायचं, त्याहून जास्त ठेवायचं तर पहिल्याच दिवशी डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर.

फ्रीज ५ अंशांच्या खाली आहे का बघा. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर उभा करून रात्रभर आत ठेवला की खरा आकडा कळतो. दाराचे कप्पे सगळ्यात गरम असतात, दूध तिथे नको. पालेभाजी न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांच्यापासून लांब ठेवा. त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो, पानं लवकर पिवळी पडतात. डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहा. आमच्या घरी "हे कधीचं?" हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही.

धागाकर्ता, पुढच्या शनिवारी

कळवायला आलोय.

फ्रीज ८ अंशांवर होता! गुंडी फिरवून दोन दिवसांनी ४ वर आला. या आठवड्यात फक्त अर्धी काकडी टाकावी लागली. डब्यांवर वार लिहिण्याचं काम मुलीने स्वतःकडे घेतलं आहे, "मंगळवार" लिहिताना तिची चिकटपट्टी पुरत नाही म्हणून ती नुसतं "मं" लिहिते.

राजमा नवीन आणला, मिठाच्या पाण्यात भिजवला, टोमॅटो शेवटी. पाच शिट्ट्यांत लोण्यासारखा झाला. जुन्यातला मूठभर वेगळा शिजवून पाहिला, तो सोडा घालूनही तसाच. उरलेली पिशवी टाकून दिली.

टॉवेल. रिकामं मशीन दोनदा चालवलं. पहिल्या वेळी दाराच्या काचेवर करडे तुकडे फिरताना दिसत होते, दुसऱ्या वेळी पाणी स्वच्छ. मग सहा टॉवेल तीन-तीन करून ६० अंशांवर धुतले. पहिल्या धुण्यात साबण एक थेंबही घातला नव्हता, तरी फेस आला, इतका जुना साबण त्यात बसला होता. पंखा लावून संध्याकाळपर्यंत वाळले. आज सकाळी आईने टॉवेल तोंडाजवळ नेला, थांबली नाही, चेहरा पुसला, मग कानामागे, मानेवर. मी भांडी घासत होतो, तिथूनच बघत होतो.

दोन अडचणी उरल्या आहेत. दोन जुने टॉवेल पुन्हा तसेच वास मारतायत, त्यांच्या लेबलवर सुताबरोबर पॉलिस्टर आहे. ते परकार्बोनेटमध्ये रात्रभर भिजवून फायदा होईल, की पायपुसणं करून टाकू? आणि सॉफ्टनर बंद केल्यापासून टॉवेल खरखरीत झालेत. मला चालतं, पण आईची कातडी फार पातळ झाली आहे, जोरात घासलं की लाल होते. झटकून वाळवतो, तरी पुरेसा फरक नाही. सॉफ्टनर न वापरता टॉवेल मऊ ठेवायचा काही उपाय कुणी स्वतः करून पाहिला आहे का?