मदत हवी आहे: चढावर छाती आवळते, बाबा म्हणतात गॅस

बाबा ६४ वर्षांचे, साताऱ्यात असतात. मधुमेह १२ वर्षांपासून. तंबाखू सोडलीय (असं म्हणतात). दिवाळीपासून सकाळी मंडईकडे जाताना चढावर छातीच्या मधोमध आवळून येतं, जबडा जड होतो. दोन-तीन मिनिटं थांबलं की ओसरतं. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मला दिसलं. एकदा मी मागून येत होतो, तर साहेब भांड्यांच्या दुकानासमोर उभे राहून पातेली निरखतायत. या माणसाने आयुष्यात पातेलं विकत घेतलेलं नाही! दुकानदार म्हणाला, "काका रोज थांबतात इथं." घरी मात्र ईनो, ओवा, हिंग चालू.

गेल्या आठवड्यात ओढून नेलं. ईसीजी नॉर्मल आला, बाबा जिंकल्यासारखे बघायला लागले. पण टीएमटी (पट्ट्यावर चालवत ईसीजी काढतात ती) चौथ्या मिनिटाला थांबवावी लागली. ॲस्पिरिन, अटॉर्वास्टॅटिन आणि मेटोप्रोलॉल सुरू केलंय, छाती आवळली की घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी खिशात ठेवायला दिलीय. सोमवारी अँजिओग्राफीला, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासायला, बोलावलंय. बाबा म्हणतात, ईसीजी चांगला असताना कशाला? आणि एकदा आत गेलो की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) घालूनच सोडतात. गोळ्यांवर भागणार नाही का?

चकलीभाजणी: आमच्या काकांचंही 'गॅस, गॅस' असंच चाललं होतं. पुढचं लिहीत नाही. न्या त्यांना.

वॉर्ड_नं_४: हृदयरोग विभागात नर्स आहे, १८ वर्षं झाली. तुमच्या डॉक्टरांची जागा मी घेत नाही, पण एवढं सांगते. ईसीजी आडवं पडून काढतात. त्या वेळी अरुंद झालेल्या धमनीतूनही हृदयाला पुरेसं रक्त मिळत असतं, म्हणून तो नॉर्मल येऊ शकतो. चढ, जेवणानंतरचं चालणं, थंडीतली सकाळ, राग: यात हृदयाची मागणी वाढते, रक्त कमी पडतं आणि छाती आवळते. हाच अंजायना. गॅस काही चढ बघून येत नाही.

सॉर्बिट्रेट बसून, जिभेखाली. गिळायची नाही. उभ्याने घेतली तर बीपी उतरून माणूस कोसळतो. डोकं ठणकेल, ते अपेक्षित आहे. व्हायग्राच्या जातीची गोळी घेत असतील तर ही अजिबात नाही. वडिलांना एकटं गाठून विचारा, लाजू नका. पाच मिनिटांत उतार नाही, किंवा घाम सुटला, तर १०८ लावा. स्कूटरवर मागे बसवून आणू नका, लोक आणतात.

स्टेंटबद्दल त्यांची शंका अगदीच चुकीची नाही. इस्केमिया नावाच्या मोठ्या चाचणीत ५,१७९ रुग्ण होते. दुखणं स्थिर असलेल्यांत नुसत्या गोळ्या आणि गोळ्यांसोबत स्टेंट किंवा बायपास, यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. दुखणं मात्र दुसऱ्या गटात जास्त कमी झालं. पण डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. तुमच्या वडिलांच्या धमन्यांत काय आहे, ते बघितल्याशिवाय कसं कळणार? टीएमटी चौथ्या मिनिटाला थांबली म्हणजे बघायलाच हवं.

आणि मुख्य म्हणजे 'स्थिर' हा शब्द. पूर्वी जितकं चालल्यावर दुखायचं तितक्यावरच दुखतं, की आता त्याआधीच?

धागाकर्ता: ताई, तुमचं वाचून आत्ता दुकानदाराला फोन केला. म्हणाला, काका चार दिवस दुकानापर्यंत आलेच नाहीत, खालच्या सलूनच्या बाकावर बसतात आणि तिथूनच परत जातात. बाबांना विचारलं तर म्हणे पेपर वाचायला. काल रात्री झोपेतून उठून ईनो घेतलं, असं आई सांगतेय.

वॉर्ड_नं_४: मग सोमवार विसरा. कमी श्रमात दुखणं आणि झोपेतून उठवणारं दुखणं, हे स्थिर नव्हे. आत्ताच निघा, आयसीयू असलेल्या ठिकाणी. जिने चढू देऊ नका. गोळ्यांची पाकिटं आणि टीएमटीचा कागद बरोबर घ्या.

धागाकर्ता: १०८ला फोन केलाय, येतायत. बाबा शर्ट बदलायचा म्हणून अडून बसलेत.

वॉर्ड_नं_४: आहे त्या शर्टात न्या.