मदत हवी आहे: आजोबांच्या शिकारी सुरीची मूठ हलतेय, परवा खंडेनवमी

रंकाळाकाठ:
मंडळी, तातडीचं आहे. आजोबांची शिकारीची सुरी आहे. पातं गंजलंय आणि मूठ लटलट हलतेय. परवा खंडेनवमी, घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतो आणि यंदा काका मंडळी आमच्याकडेच येणारेत. मुठीत एम-सील कोंबू की फेविक्विक ओतू? गंज कशानं काढू? कामावरून सुटलो की उद्यमनगरातूनच येणार आहे, काय लागेल ते घेऊन येतो. लवकर सांगा.

उद्यमनगरी:
फोटो? पातं किती लांब? पात्याची शेपटी मुठीत अर्धीच गेलीय की आरपार? रिव्हेट आहेत का? मूठ लाकडाची की शिंगाची? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार, कपाळ?

रंकाळाकाठ:
सुरी म्हणजे सुरी हो. वीतभर आहे. मूठ खडबडीत, तपकिरी. रिव्हेट नाहीत. मुठीच्या तोंडाशी पितळी कडं आहे, तेही खुळखुळतंय. एम-सील चालेल का, एवढंच विचारलंय.

शिरोलीवाला:
भावा, एवढं काय डोकं खातोस. ग्राइंडरवर दोन मिनिटं धर, पातं आरशागत होतंय. मूठ काढून टाक, सागवानी दोन फळ्या लाव, आरपार रिव्हेट मार. नाद खुळा दिसतंय बघ.

उद्यमनगरी:
अजिबात ग्राइंडरला लावू नकोस! जुनं कार्बन पोलाद असणार. चाकावर पातं तापून निळं पडलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच समज. मग कितीही पाजळ, कांदा कापेपर्यंत धार टिकायची नाही. पिवळसर रंगावर थांबलं तर नशीब, निळं झालं की पुन्हा भट्टीत घालून पाणी द्यावं लागतं, आणि ते येणारे लोहार आता किती राहिलेत?
गंजाला रात्रभर रॉकेलचं फडकं गुंडाळून ठेव. सकाळी बारीक स्टील वूलनं, नाहीतर हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं तेल लावत हलक्या हातानं घास. लाल गंज तेवढाच काढ. काळपट-करडा थर राहू दे, तो खालच्या पोलादाला राखतो. आणि मुठीजवळ पात्यावर काही ठसा आहे का ते आधी बघ. असेल तर तिथं पेपर लावायचा नाही.

रंकाळाकाठ:
ठसा आहे. एक चांदणी आणि शेजारी फुलीसारखं काहीतरी, चार टोकं रुंद झालेली. अक्षरं पुसलीत.

जुनाबाजार:
चांदणी आणि माल्टीज क्रॉस? जोसेफ रॉजर्स, शेफील्ड! इंग्रज अमलात साहेबलोकांपासून संस्थानिकांपर्यंत सगळ्यांकडे त्यांचा माल असायचा. अर्थात त्या ठशाच्या नकलाही पोत्यानं निघाल्या, तेव्हा लगेच हुरळू नका. विकायची आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रंकाळाकाठ:
विकायची नाही. मूठ बसवायची आहे. मूठ!

तांबडापांढरा:
माझं मत विचाराल तर असल्या सुऱ्या दिसायलाच भारी. नवमीच्या मटणाला सत्तूर आणि खाटकाची पातळ सुरी, बास. हाडं फोडायला ही वापरू नका, धार चुटकन तुटते.

गव्याचारस्ता:
हाडं फोडायला ती नव्हतीच मुळी. शिकारीच्या सुरीचं खरं काम कातडं काढायचं. त्याला चार-पाच इंच पातं पुष्कळ झालं, पात्याचं पोट जरा गोलाईदार पाहिजे म्हणजे टोक आतड्यात घुसत नाही. आमच्या घरची जुनी माणसं सांगायची, आधी टोकानं बारीक चीर द्यायची, मग धार वर करून आतून बाहेर कापत जायचं. बाहेरून कापलं तर केसांत आणि केसांतल्या मातीत धार मरते. कमरेला हातभर सुरा लटकवणारे फोटोतले शिकारी वेगळे.
आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळवीट धरायचे, तिथंही सुरी लागायची. चित्त्यानं जनावर पाडलं की चित्तेवान धावत जायचा, गळा चिरून रक्त लाकडी पळीत धरायचा आणि चित्त्याच्या तोंडापुढं करायचा. तो ते चाटायला लागला की पकड सुटायची, मग डोळ्यांवर टोपी चढवून पट्टा बांधायचा. पुढं देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले, पण शौक सोडला नाही!

शिरोलीवाला:
चित्ता कुठनं आला मधेच?

वकीलीण:
मूठ खडबडीत, तपकिरी, रिव्हेट नाहीत, असं वर लिहिलंय. कोणाच्याच डोक्यात आलं नाही का? ही सांबरशिंगाची असू शकते. आधी ते बघा, एम-सील राहू दे.

उद्यमनगरी:
बरोबर. सुईचं टोक लाल तापवून मुठीच्या आतल्या कडेला टेकव. म्हशीचं शिंग असेल तर सुई जरा रुतते आणि केस जळल्याचा वास सुटतो. सांबराचं म्हणजे हाडच, रुतायची नाही. शिवाय मधला गाभा जाळीदार दिसेल.

रंकाळाकाठ:
रुतली नाही. कडं सरकवून बघितलं, आत स्पंजासारखी भोकं आहेत आणि काळपट चिकट काहीतरी भरलंय, वाळून त्याचा भुगा होतोय. पातं मोजलं, साडेपाच इंच. वीतभर मुठीसकट.

उद्यमनगरी:
तो भुगा म्हणजे राळ नाहीतर लाख, त्यात विटेची पूड. पूर्वी तापवून ओतायचे आणि शेपटी गरम करून आत दाबायचे. तुझ्याकडं एवढ्या वर्षांत सुकून तडकली. म्हणूनच एम-सील नको म्हणतो. लाख पुन्हा मऊ होते, काढता येते. एम-सील एकदा धरलं की पुढच्या दुरुस्तीला मूठ फोडावी लागेल. आणि शेपटी तापवताना पात्याला ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर वरचंच रडगाणं.

शिरोलीवाला:
लाख आता कुठं शोधत बसणार? दोन ट्यूबवालं अॅरल्डाइट लाव, चोवीस तासांत दगड.

उद्यमनगरी:
आम्ही काय बोलतोय, तू काय बोलतोस.

वकीलीण:
दोघंही थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्यात हरणाचं शिंगही ‘ट्रॉफी’मध्ये, म्हणजे वन्यप्राण्याच्या जपून ठेवलेल्या अवयवांत, धरलंय. ते आपोआप गळून पडलेलं असो नाहीतर शिकारीचं. आजोबांच्या नावावर मालकीचा दाखला होता का? 2003 मध्ये सरकारनं अशा वस्तू जाहीर करायला 180 दिवसांची मुदत दिली होती. वारशानं आलेल्या वस्तूंसाठी 90 दिवसांत कळवायची तरतूदही कायद्यात आहे. दाखला नसेल तर दुरुस्ती, विक्री, भेट काहीच करू नका. आधी वनविभागात विचारा किंवा वकील गाठा. आणि फोटो इथं टाकू नका. जुनाबाजार, तुम्हीही व्यनि करू नका.
हत्यार म्हणून मात्र घाबरायचं कारण दिसत नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, तुमचं त्यात बसत नाही.

जुनाबाजार:
कोल्हापुरातल्या निम्म्या वाड्यांत भिंतीवर शिंगं आहेत ताई. कोण विचारतंय?

वकीलीण:
ज्यांना विचारतात ते इथं लिहायला येत नाहीत.

गव्याचारस्ता:
दाजीपूरचं अभयारण्य 1958 सालचं, राज्यातलं पहिलं. त्याआधी ते राखीव शिकारीचंच रान होतं, म्हणून तर आपल्या भागात जुन्या घरांतून असलं सामान निघतं. बाकी त्या रानात आता जळू पायाला लागली तरी...

तांबडापांढरा:
जळूला तंबाखूचं पाणी.

रंकाळाकाठ:
बरं. मूठ आहे तशीच ठेवतो, पातं रॉकेलनं पुसून पूजेला मांडतो. चामड्याचं म्यान आहे, कोपऱ्यात शिवण उसवलीय. त्यातच ठेवू ना?

उद्यमनगरी:
पूजेपुरतं. एरवी म्यानातून बाहेर ठेव, चामडं ओल धरतं आणि तुझा गंज तिथूनच आलाय. पात्याला शिलाई मशीनचं तेल लाव, खोबरेल नको, चिकट होतं. म्यान चप्पल लाइनला ने, तिथले कारागीर मेणाच्या दोऱ्यानं हातानं शिवून देतील.

रंकाळाकाठ:
आत्ता काकांना फोन केला. त्यांच्याकडं एक जुना कागद आहे म्हणे, वनखात्याचा शिक्का असलेला. कशाचा ते त्यांनाही माहीत नाही. येताना आणतायत.

वकीलीण:
त्यावर वस्तूचं वर्णन, नाव आणि तारीख बघा. सुरीचा उल्लेख असला तरच पुढचं बोलू. नुसतं भिंतीवरच्या शिंगांचं असलं तर हा कागद सुरीला चालायचा नाही.

शिरोलीवाला:
आणि दाखला निघाला तर अॅरल्डाइट?

उद्यमनगरी:
लाख!