पाप्रिकाश या हंगेरियन मांसाच्या रश्शात साय घातली, तरी ते ज्यू जेवणच का?

मंजिरी_ब्रुकलिन:
आमच्याकडे ब्रुकलिनमधल्या क्राऊन हाइट्स वस्तीत 'आगीज काउंटर' म्हणून एक छोटं हॉटेल आहे. शेफ जेरेमी सॅलमनने 2021 मध्ये सुरू केलं, हंगेरियन आजीच्या नावाने. जेवण हंगेरियन-ज्यू, पण नव्या धाटणीचं, आणि कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे केलेलं, नाही. याच वस्तीत ईस्टर्न पार्कवेवर लुबाविच या काटेकोर धर्म पाळणाऱ्या हसिदी ज्यू पंथाचं मुख्यालय आहे. म्हणजे कोशर काटेकोर पाळणारे कितीतरी ज्यू शेजारी राहतात आणि त्यांना इथलं जेवण चालत नाही. मला तरी यात काही वावगं वाटत नाही. आजीच्या हातची चव नातवाने पुढे नेली की ती परंपराच. धर्मगुरूचा शिक्का कशाला हवा? तुमचं मत सांगा.

रांधा_वाढा:
नाही पटत. शिक्का राहू दे बाजूला, हे जेवण घडलंच मुळी नियमांमुळे. डुकराची चरबी निषिद्ध, मांसाबरोबर लोणी, साय असं दुधाचं काही चालत नाही, म्हणून हंगेरीतल्या ज्यू घरांत हंसाची चरबी आली. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शोलेत या मंद आचेवर शिजणाऱ्या पदार्थाचं भांडं शुक्रवारी सूर्यास्ताआधी बेकरीच्या भट्टीत जायचं. घेवड्याचे दाणे, बार्ली, धुरावलेलं हंसाचं मांस आणि कवचासकट अंडी. रात्रभरात अंडी आतून तपकिरी होतात, बार्ली चरबी पिऊन टम्म फुगते. नियम काढा, मग हा पदार्थ कुणी कशाला शोधला असता?

बुडापेस्टवारी:
पण नियम पाळणारा एकसंध ज्यू समाज हंगेरीत होता कुठे? 1868-69 च्या काँग्रेसनंतर सरळ फाटाफूट झाली, सुधारणावादी नेओलोग एकीकडे, परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स दुसरीकडे. दोहान्य रस्त्यावरचं 1859 चं भव्य सिनेगॉग नेओलोगांचंच. बुडापेस्टमधल्या बऱ्याच घरांनी कोशर केव्हाच सैल केलं होतं. मग 1944. 15 मे ते 9 जुलै, एवढ्या काळात सव्वाचार लाखांहून जास्त ज्यूंना हंगेरीतून नेलं, बहुतेकांना ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत. पुढे कम्युनिस्ट राजवटीत कित्येक घरांनी मुलांना आपण ज्यू आहोत हेही सांगितलं नाही. प्रार्थना गेली, खसखस, सफरचंद, अक्रोड आणि आलुबुखारच्या मुरंब्याचे थर असलेली फ्लोदनी ही गोड पेस्ट्री राहिली. क्लाउझाल चौकातल्या कादार खानावळीत शनिवारी शोलेतसाठी गर्दी व्हायची, आणि तीही कोशर नव्हती. या नातवंडांना कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुमचं जेवण खरं नाही?

अलिबागची_लेक:
मी बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातली. आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. मटणात दूध-दही चालत नाही म्हणून आमच्या रश्शात नारळाचं दूध. नियमाने आमची चव कमी केली नाही, उलट दिली. पाप्रिकाशही सायीवाचून होतं. कांदा चरबीत पार विरघळेपर्यंत परतायचा, भांडं खाली उतरवून मग पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, घालायची, नाहीतर ती जळून कडू होते. रस कांद्यानेच दाटतो. बुडापेस्टवारी, 1944 बद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून गलबलून आलं. पण ज्यांच्याकडून हिसकावून घेतलं ते वेगळे आणि ज्यांनी आपणहून सोडलं ते वेगळे.

मंजिरी_ब्रुकलिन:
ताई, पण एखाद्याची आजीच साय घालत असेल तर? तिची पाककृती बदलून धार्मिक करायची, हा मला खोटेपणा वाटतो. ती जे रांधायची तेच वाढावं.

रांधा_वाढा:
मग मेनूवर निदान एक पदार्थ तरी कोशर ठेवावा. शेजारचा माणूस आत येऊन बसू तरी शकेल.

अलिबागची_लेक:
एका पदार्थाने नाही भागत हो. दूध आणि मांसाची भांडी वेगळी लागतात, वर देखरेख लागते. स्वयंपाकघर कोशर नसेल, तर काटेकोर पाळणारा माणूस तिथली काकडीची कोशिंबीरही खाणार नाही. हॉटेलवाल्याला सगळंच बदलावं लागतं. ते न करण्याचा त्याला हक्क आहे, मंजिरी, हे मला मान्य. पण तो त्याचा निर्णय आहे, नाइलाज नव्हे.