आर्मीत ३० टक्क्याला पेन्शन, मग धाकट्याला ४० का लागतात?

सासवडचा_पक्या:
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल. माझे दोन चुलतभाऊ. थोरला मराठा लाइट इन्फंट्रीत होता, २०१९ ला गुडघ्यापायी बोर्डआउट झाला, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून घरी पाठवलं, ३० टक्के डिसॅबिलिटी लिहिली, पेन्शन चालू आहे. धाकटा भोसरीत ठेकेदाराकडे पॉवर प्रेसवर होता, दीड वर्षापूर्वी उजव्या हाताची तीन बोटं गेली. दिव्यांग सर्टिफिकेट काढलं तर टक्के चाळीसच्या आत आले, म्हणजे एसटीची सवलत नाही, संजय गांधी योजना नाही, काहीच नाही. घरात रोज यावरून कुरबुर. टक्का तो टक्काच ना, मग एकाला ३० पुरतात आणि दुसऱ्याला का नाही?

घोरपडीचे_सुभेदार:
बाळा, आर्मीत नुसता टक्का बघत नाहीत. मेडिकल बोर्ड आधी ठरवतं की दुखणं नोकरीमुळे झालं किंवा नोकरीने वाढलं का. दोन्ही नाही असं लिहिलं की डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, गेला, मग ६० टक्के असू दे नाहीतर ८०, माझ्या ओळखीतले कितीतरी जण यासाठी फौजेच्या ट्रिब्युनलला भांडतायत. नोकरीमुळे म्हटलं तर २० टक्क्यापासून मिळतो. १०० टक्क्याला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशोब. बोर्डआउट झालेल्याला ३० चे ५० धरतात, म्हणजे पगार ४०,००० असेल तर १२,००० चे निम्मे ६,०००, नोकरीपोटीचा सर्व्हिस एलिमेंट वेगळा. पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांना हे राउंड ऑफ सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालाने मिळालं.

कोथरूडकर७७:
म्हणजे शेवटी फौजींना सगळं आणि कामगाराला ठेंगा 🙏

घोरपडीचे_सुभेदार:
खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला, जिथे कमरेखाली लुळे पडलेले जवान राहतात, एक चक्कर मारून या, मग बोलू. आणि खडकवासल्याला एनडीएत ट्रेनिंगमध्येच पाठीचा कणा मोडून घरी गेलेला कॅडेट माजी सैनिक धरत नाहीत, त्याला पेन्शन नाही, एक्स-ग्रेशिया म्हणजे हक्क नव्हे तर मदत म्हणून दिलेली रक्कम मिळते. नुसता युनिफॉर्म घालून भागत नाही.

पिंपरीची_मंगल:
अहो भांडू नका, पक्यादादाचा प्रश्न राहिला बाजूला. दादा, तुम्ही चुकीच्या खिडकीत उभे आहात. दिव्यांग कार्डाला बोटं कशी गेली याच्याशी काही देणंघेणं नाही, जन्मापासून नसली काय नि प्रेसमध्ये गेली काय, ४० च्या वर असाल तर सवलती. ती मदत आहे. थोरल्याची पेन्शन ही भरपाई आहे. आणि कामगाराची भरपाई वेगळीकडे मिळते, ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा महामंडळात. तिथे बोर्ड कमाईची ताकद किती गेली ते बघतं, ४० टक्क्याची अट नाही, कायद्याच्या तक्त्यात एका हाताच्या तीन बोटांना ३० टक्के लिहिलेत. पगार १८,००० असेल तर त्याचे ९० टक्के १६,२००, त्याचे ३० टक्के म्हणजे ४,८६० च्या आसपास, दर महिन्याला, जन्मभर. पगारातून ईएसआय कापत होते का ते आधी सांगा.

सासवडचा_पक्या:
कापत होते ताई! स्लिपवर दिसतंय. पण ठेकेदार म्हणाला घरी लागलं असं सांग, दवाखान्याचा खर्च मी करतो, आणि खाजगी दवाखान्यात नेलं. हा येडा सांगून बसला 😞

पिंपरीची_मंगल:
हे नेहमीचंच, प्रेसवाल्या प्रत्येक शेडमध्ये हीच कॅसेट. त्या दिवशीची हजेरी, सोबत काम करणारे दोघंतिघं, दवाखान्याचे कागद, स्लिपा, सगळं गोळा करा नि ईएसआयसीच्या ब्रांचला अपघाताचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाहीच ऐकलं तर ईएसआय कोर्ट, तिथे तीन वर्षांची मुदत असते म्हणून गणपती होऊ दे, दिवाळी होऊ दे करत बसू नका. आणि ठेकेदाराने वर्गणी भरलीच नसेल तरी घाबरू नका, मूळ कंपनीवर ती जबाबदारी असते.

घोरपडीचे_सुभेदार:
आणि थोरल्याला सांग, आर्मीचे ३० टक्के सिव्हिलमध्ये चालत नाहीत. त्याला युडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग कार्ड, हवं तर ससून किंवा औंधला नव्याने तपासणी, तिथे त्याचेही चाळीसच्या आत येऊ शकतात.

सासवडचा_पक्या:
हे वाचून दाखवलं तर थोरला पहिल्यांदा गप्प बसला. धाकट्याच्या सोबतचा एक पोरगा आता चाकणला आहे, रविवारी त्याला गाठतो, हजेरीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असेल म्हणतोय.